जड पाणी रायगडात, प्रयोग मात्र ओहायोत

प्रति,
संपादक महोदय,
स.न.वि.वि.

परदेशातल्या शाळकरी मुलांनी घरच्या घरी अणुसंमीलन, म्हणजे दोन हलकी अणुकेंद्रकं एक करण्याची क्रिया, घडवल्याची बातमी आपल्या मागच्या रविवारच्या पुरवणीत आली होती. तिचं कात्रण घेऊन समोरच्या वाडीतला अकरावी सायन्सचा मुलगा सोमवारी सकाळीच माझ्या ओटीवर येऊन बसला. बातमीतल्या एका वाक्याखाली त्याने पेनाने रेघ मारली होती. जड पाणी विकत घ्यायचं, त्यातून वीज सोडायची, की ड्युटेरियम वायू तयार, असं ते वाक्य होतं. (जड पाणी म्हणजे ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम हा जड हायड्रोजन असतो ते पाणी.) "आजी, तुम्ही थळला होतात ना? मला दहा मिलिलिटर जड पाणी कुठे मिळेल?" असं त्याने विचारलं. त्याला मी जे सांगितलं आणि जे सांगता आलं नाही, ते दोन्ही या पत्रात लिहिते आहे. पत्र लांबलं आहे, जागेनुसार कापलंत तरी चालेल. फक्त शेवटची मागणी ठेवावी, ही विनंती.

मी रसायनशास्त्राची पदवीधर. १९८९ ते २०१९ अशी तीस वर्षं थळच्या जड पाणी प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत काम केलं. अलिबागहून रेवसकडे जाताना खत कारखान्याच्या चिमण्या सगळ्यांना दिसतात, पण त्याच्या शेजारीच १९८७ पासून जड पाण्याचा प्रकल्प चालू आहे, हे आमच्याच तालुक्यात अनेकांना ठाऊक नसतं. खतासाठी जो हायड्रोजन आणि नायट्रोजनचा वायू तयार होतो, तो आधी आमच्याकडे यायचा. त्यातल्या हायड्रोजनमध्ये जे किंचितसं ड्युटेरियम असतं ते थंड, द्रवरूप अमोनियात उतरवून घ्यायचं आणि बाकीचा वायू खताकडे परत पाठवायचा. ही देवाणघेवाण आपोआप होत नाही. त्यासाठी अमोनियात पोटॅशियम अमाइड नावाचं उत्प्रेरक विरघळवलेलं असतं, आणि ते फार नाजूक असतं. पाण्याचा किंवा ऑक्सिजनचा अंश लागला की ते मरतं. तीस वर्षांत मी जर एका शत्रूशी लढले असेन तर तो ओलावा. कोकणात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. श्रावणात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, पापड डब्यातच मऊ पडतात. जड पाण्याच्या नमुन्याचंही तसंच. बाटलीचं झाकण उघडं राहिलं की हवेतली साध्या पाण्याची वाफ त्यात शिरते आणि शुद्धता घसरायला लागते. अणुभट्टीच्या प्रतीचं पाणी ९९.८ टक्क्यांच्या वर लागतं. नमुना काचेच्या पिचकारीने ओढायचा आणि वेळ न घालवता शुद्धता मोजणाऱ्या अवरक्त किरणांच्या यंत्रात घालायचा, ही सवय माझ्या हाडीमाशी खिळली आहे. या सवयीचा उपयोग निवृत्तीनंतर, तोही ओहायोत, होईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

एक गैरसमज आधी दूर करते, कारण तो मुलगाही तेच विचारत होता. जड पाणी किरणोत्सर्गी नसतं. ड्युटेरियम म्हणजे हायड्रोजनच, फक्त त्याच्या केंद्रकात प्रोटॉनच्या जोडीला एक न्यूट्रॉन असतो. १९३१ साली अमेरिकेत हॅरल्ड युरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्रवरूप हायड्रोजन बाष्पीभवनाने आटवून त्याचा शोध लावला आणि १९३४ साली युरींना नोबेल मिळालं. ते आपल्या विहिरीत, नारळाच्या पाण्यात, आपल्या रक्तातही आहे. साधारण साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे एक. एक लिटर पाण्यातलं सगळं ड्युटेरियम वेगळं काढता आलं तर जेमतेम तीन थेंब जड पाणी होईल.

"मग मी नळाच्या पाण्यातूनच काढतो," हे त्या मुलाचं पुढचं वाक्य. मी त्याला वही-पेन आणायला सांगितलं. विजेने पाणी फोडताना साधा हायड्रोजन आधी सुटतो, जड मागे रेंगाळतो, म्हणून उरलेलं पाणी हळूहळू जड होत जातं, हे खरं. १९३३ साली बर्कलेत गिल्बर्ट लुईस यांनी याच रीतीने जवळजवळ शुद्ध जड पाणी मिळवलं, नॉर्वेतल्या व्हेमोर्कच्या जलविद्युत केंद्रालगत त्याचं उत्पादन सुरू झालं, आणि १९६२ साली नांगलला आपला पहिला कारखाना उभा राहिला तेव्हा तिथेही इलेक्ट्रोलिसिसचा आधार होता. पण हिशेब करू. एक लिटर पाणी पूर्ण फोडायला सुमारे सहा युनिट वीज लागते. एक मिलिलिटर जड पाण्याएवढं ड्युटेरियम सहा-सात लिटर पाण्यात असतं, आणि आटवताना त्यातलं बरंचसं वायूबरोबर निघून जातं. म्हणजे प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट पाणी आटवावं लागणार. भाक्रा-नांगलची वीज हाताशी असेल त्याने हे करावं. घरच्या प्रयोगात जड पाणी बनवायचं नसतं, ते आणायचं असतं. घरी करायचं काम म्हणजे त्या पाण्यातून वायू काढणं आणि तो शुद्ध ठेवणं. आपल्या बातमीत जे अर्ध्या वाक्यात आटोपलं, ते काम हेच.

आता ओहायोची गोष्ट. माझी मुलगी तिथे असते. २०२४ च्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे पाच महिने राहिले. नातू तेव्हा सतरा वर्षांचा. शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांच्या देखरेखीखाली तो आणि त्याचे तीन मित्र फ्युजर नावाचं यंत्र बांधत होते. ज्या फिलो फार्न्सवर्थ यांनी १९२७ साली इलेक्ट्रॉनिक टेलिव्हिजनवर पहिलं चित्र उमटवलं, त्यांचीच ही कल्पना. १९६० च्या दशकात शेजारच्याच इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन शहरात रॉबर्ट हर्श यांच्या साथीने त्यांनी ती पुढे नेली. पोलादाचा पोकळ गोळा, आत तारेची छोटी जाळी. गोळ्यातली हवा पंपाने काढून घ्यायची, मग अगदी विरळ ड्युटेरियम आत सोडायचा आणि जाळीला ऋण विद्युतदाब द्यायचा, वीस-तीस हजार व्होल्टचा. ड्युटेरियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, जाळीकडे धावतात, काही एकमेकांवर किंवा वाटेतल्या अणूंवर आदळतात, आणि त्या आदळण्यात क्वचित दोन केंद्रकं एक होतात. निम्म्या वेळा हेलियम-३ आणि न्यूट्रॉन बाहेर पडतात, निम्म्या वेळा ट्रिटियम (हायड्रोजनचंच आणखी जड रूप) आणि प्रोटॉन. १९३४ साली केंब्रिजला रदरफर्ड, ओलिफंट आणि हार्टेक यांनी हीच क्रिया पहिल्यांदा पाहिली होती. आज अमेरिकेत शाळकरी मुलंही ती करतात. २०१८ साली टेनेसीतल्या मेम्फिसच्या एका मुलाने तेरावा वाढदिवस यायच्या आत ती घडवल्याची नोंद आहे.

कामाची विभागणी शिक्षकांनीच करून दिली होती. वीज शाळेत, वायू घरी. म्हणजे उच्च विद्युतदाबाचं सगळं शाळेच्या कार्यशाळेत, शिक्षक हजर असतानाच. आणि वायूची तयारी नातवाकडे, आमच्या गॅरेजमध्ये, धुलाईयंत्राच्या बाजूच्या टेबलावर. त्याच टेबलावर एक दिवस पन्नास ग्रॅमची काचेची बाटली येऊन पडली. तिच्यावरचं लेबल वाचलं आणि मला तो टेबल सोडवेना. तीस वर्षं मी जे पाणी मोजलं, ते मुलीच्या घरी टपालाने आलं होतं.

पहिल्या दिवशी मी त्याला काहीच करू दिलं नाही. पाच मिलिलिटर जड पाणी छोट्या नळीत घालून, बूच घट्ट बसवून, बर्फ करायला ठेवलं. शेजारी साध्या पाण्याची तशीच नळी. दुसऱ्या दिवशी दोन्ही बर्फाच्या कांड्या पाण्याच्या पेल्यात टाकल्या. साधा बर्फ तरंगला. जड पाण्याचा बर्फ तळाशी गेला आणि तिथेच राहिला. नातू गुडघ्यांवर बसून पेल्याकडे बघत होता. मग त्याने बर्फ चिमट्याने वर काढला आणि पुन्हा सोडला. पुन्हा बुडाला. जड पाणी साध्यापेक्षा सुमारे अकरा टक्क्यांनी घन, ३.८ अंशांनाच गोठणारं. हे आकडे त्याला पाठ होते. बुडणारा बर्फ मात्र त्याने पाहिला नव्हता. त्या पेल्यात गेलेले पाच मिलिलिटर वाया गेले म्हणून तो हळहळला, मी नाही.

वायू काढायला त्याने शाळांत वापरतात तो, हायड्रोजनपासून वीज बनवणारा छोटा फ्युएल सेल उलटा चालवायचं ठरवलं होतं. त्यात दोन बाजूंच्या मध्ये एक पातळ पटल असतं. पाणी घालून दोन व्होल्टच्या आतला दाब दिला की एका बाजूला ऑक्सिजन सुटतो, दुसऱ्या बाजूला हायड्रोजन. दोन्ही वायू मुळातच वेगळे राहतात, हा त्याचा मोठा गुण. पाण्यात बुडवलेल्या दोन कांड्यांवर दोन्ही वायू सुटू लागले आणि ते एकत्र झाले तर स्फोटाचं मिश्रण तयार होतं. हवेत हायड्रोजन चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कितीही असला तरी पेट घेतो, आणि ड्युटेरियमही तसाच वागतो. म्हणून ऑक्सिजनची नळी मी खिडकीबाहेर काढायला लावली आणि वायूचा साठा करायचा नाही, लागेल तेवढाच काढायचा, असा नियम घातला.

लागतो तरी किती? एक अँपिअर प्रवाहात मिनिटाला सुमारे सात मिलिलिटर वायू निघतो. फ्युजरमधल्या वायूचा दाब हवेच्या दाबाच्या पाऊण लाखावा हिस्सा. दहा लिटरचा गोळा त्या दाबाला एकदा भरायला वायूचा एक थेंबभर, म्हणजे मिलिलिटरचा आठवा भाग पुरतो. पंप सतत चालू असतो म्हणून प्रवाह चालू ठेवावा लागतो, तरीही साठ मिलिलिटरची एक पिचकारी संध्याकाळभर पुरते. म्हणजे अडचण कमी वायूची कधीच नसते. प्रश्न असतो तो वायू नेमका कशाचा आहे, हा.

पहिल्या खेपेला नातवाने सेलमध्ये तीन मिलिलिटर जड पाणी घातलं, पिचकारी भरली आणि शाळेत नेली. मी घरीच होते. संध्याकाळी तो हिरमुसून आला. न्यूट्रॉन मोजणारं यंत्र काही नसताना मिनिटाला आठ ठोके देत होतं, फ्युजर चालू केल्यावर एकवीस. त्याच्या मते यंत्र बिघडलं होतं, मित्रांच्या मते विद्युतदाब कमी पडत होता.

मी विचारलं, "सेल आला तेव्हा पटल कोरडं होतं की ओलं?"

ओलं होतं. असल्या सेलचं पटल वाळू द्यायचं नसतं, म्हणून त्याने सूचनेप्रमाणे साधं डिस्टिल्ड पाणी घालून ते ठेवलं होतं. ते ओतून टाकलं तरी कोपऱ्यांत, नळ्यांत आणि पटलाच्या पोटात एखादा मिलिलिटर राहणारच. म्हणजे त्याच्या 'जड' पाण्यात एक चतुर्थांश साधं पाणी होतं. पण खरी मेख पुढे आहे. मघाशी लिहिलं तसं वीज साधा हायड्रोजन आधी सोडते. ज्या गुणामुळे नांगलला जड पाणी मागे उरायचं, तोच गुण इथे उलटा बाधतो, कारण आपल्याला मागे उरलेलं पाणी नको, सुटलेला वायू हवा. साधा हायड्रोजन चौपट सहज सुटतो असं धरलं, तर पाण्यातला एक चतुर्थांश भेसळीचा वाटा वायूत निम्म्याच्या वर जातो. आणि फ्युजरमध्ये धावणाराही ड्युटेरियम हवा, ज्यावर तो आदळतो तोही ड्युटेरियमच हवा. म्हणून वायूत ड्युटेरियम निम्मा झाला की न्यूट्रॉन निम्मे राहत नाहीत, पावपट होतात. त्याच्या पिचकारीत ड्युटेरियम होता, पण अल्पसंख्येत.

मग आम्ही सेल धुतला. एक मिलिलिटर जड पाणी घालायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी काढून टाकायचं. असं तीन रात्री. पटलातले साधे हायड्रोजन हळूहळू बाहेर येऊन जड पाण्यात मिसळतात. याला वेळच द्यावा लागतो, दुसरा उपाय नाही. नातवाला हे पहिल्या रात्री जमलं, दुसऱ्या रात्री तो चार वेळा गॅरेजमध्ये जाऊन आला. चौथ्या दिवशी ताजं जड पाणी घालून सेल चालू केला आणि पहिल्या पंधरा मिनिटांचा वायू मी खिडकीबाहेर सोडून द्यायला लावला.

राहिला ओलावा. सेलमधून निघणारा वायू वाफेने भरलेला असतो. ती वाफ जड पाण्याची असली तरी फ्युजरमध्ये गेली की ऑक्सिजन घेऊन जाते आणि निर्वात बिघडवते. त्यासाठी वायू शोषक खड्यांच्या नळीतून न्यायचा. पण हे खडे बाटली उघडताक्षणी गॅरेजच्या हवेतलं साधं पाणी पिऊन बसतात. मग ते भट्टीत तापवायचे, गरम असतानाच नळीत भरायचे आणि दोन्ही टोकं बंद करायची. शाळेतल्या गोळ्याच्या पोलादी भिंतींवरही पाण्याचा थर चिकटलेला असतो, म्हणून शिक्षकांनी बाहेरून तापणारी पट्टी गुंडाळून पंप दोन दिवस चालू ठेवला. प्लॅस्टिकची पिचकारी मी बंदच करायला लावली. पिचकारीत भरून नेण्याऐवजी सेलच शाळेत नेऊन धातूच्या बारीक नळीने जोडला.

दुसऱ्या खेपेला मी स्वतः गेले. कार्यशाळेच्या दुसऱ्या टोकाला, काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या भिंतीआड, पडद्यासमोर आम्हाला बसवलं होतं. ठोके मिनिटाला एकशे तीसच्या आसपास गेले. मुलांनी आरडाओरडा केला. मी शिक्षकांना म्हटलं, आता हीच सगळी मांडणी साध्या हायड्रोजनवर करा. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि मान डोलावली. उच्च दाबाच्या ठिणग्यांनीही मोजणी यंत्र फसतं, त्यामुळे तेवढाच दाब, तेवढाच प्रवाह, फक्त साध्या पाण्याचा वायू, अशी तुलना केल्याशिवाय एकशे तीसला अर्थ नव्हता. त्यासाठी दुसरा सेल लागला, दुसरा शनिवार गेला. साध्या हायड्रोजनवर ठोके मिनिटाला नऊ. त्या रात्री नातवाने वहीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि वही मला दाखवायला आणली. तो काही बोलला नाही, पण ती वही मी विसरणार नाही.

या यंत्रातून वीज मिळेल का, असं वाचकांना वाटलं असेल. नाही. चांगल्या हौशी फ्युजरमधून सेकंदाला दहा लाख न्यूट्रॉन निघाले तरी संमीलनातून मिळणारी शक्ती एक मायक्रोवॉटच्या आसपास, आणि आत घातलेली वीज शेकडो वॉट. तीस कोटी रुपये टाकून एक रुपया परत यावा, असा हा व्यवहार. १९५५ साली जिनिव्हातल्या अणुऊर्जा परिषदेच्या अध्यक्षपदावरून डॉ. होमी भाभांनी वीस वर्षांत संमीलनाची ऊर्जा नियंत्रित रीतीने मिळवण्याची पद्धत सापडेल, असं भाकीत केलं होतं. सत्तर वर्षं झाली, अजून जगभर काम चालू आहे. आपल्याकडे गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत ते चालतं, तिथलं 'आदित्य' हे संमीलनाच्या प्रयोगाचं यंत्र (टोकामॅक) १९८९ पासूनचं. तिथे पुढे कोण काम करणार? बारा-सोळाव्या वर्षी ज्याने भेसळ शोधायला दोन शनिवार घातले आहेत, तो.

आता धोक्याबद्दल, आणि हे मी अधोरेखित करून लिहिते. माझ्या वाडीतल्या मुलाने किंवा ही बातमी वाचलेल्या कुणीही हे घरी करू नये. ड्युटेरियम वायू स्वतः विषारी नाही, तो फक्त ज्वालाग्राही आहे आणि थोडा असला तर हाताळता येतो. खरा धोका त्याच्या पुढे आहे. तीस हजार व्होल्टचा एक स्पर्श माणूस मारतो, आणि वीज बंद केल्यावरही वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये भार उरतो. ओहायोत लांब दांडीच्या आकड्याने जाळी जमिनीला टेकवल्याशिवाय कुणी यंत्राजवळ जात नसे. तेवढ्या दाबाला क्ष-किरण तयार होतात आणि पोलादातून नाही तरी बघायच्या काचेतून बाहेर येतात. म्हणून आतली जांभळट चमक आम्ही कॅमेऱ्यातूनच पाहिली, डोळा लावून नाही. न्यूट्रॉनचा प्रश्न वेगळाच. आपल्या देशात जड पाणी आणि ड्युटेरियम दोन्ही अणुऊर्जेच्या कायद्याखाली नियंत्रित पदार्थ आहेत, आणि किरणं निर्माण करणारं यंत्र परवानगीशिवाय चालवता येत नाही. हे नियम योग्यच आहेत. सोळा वर्षांच्या मुलाला टपालाने जड पाण्याची बाटली मिळावी, असं मी अजिबात म्हणत नाही.

मग मी काय मागते आहे? जड पाणी मंडळ आज औषधांसारख्या अणुऊर्जेबाहेरच्या कामांसाठीही जड पाणी पुरवतं. ड्युटेरियम घातलेलं पहिलं औषध अमेरिकेत २०१७ साली मंजूर झालं, तेव्हापासून औषध कंपन्यांचं लक्ष त्याकडे आहे. म्हणजे हे पाणी फक्त अणुभट्टीसाठी कुलपात ठेवायची वस्तू राहिलेली नाही. मागणी एवढीच, की महाराष्ट्रातल्या दोन-तीन विज्ञान केंद्रांत, रीतसर परवानगी घेऊन, प्रशिक्षित माणसाच्या ताब्यात, प्रत्येकी पन्नास मिलिलिटर जड पाणी ठेवावं. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, पुण्यात आयुकाची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, आणि एक केंद्र रायगडातच असावं, कारण हे पाणी इथे तयार होतं. तिथे फ्युजर नको, उच्च दाब नको, न्यूट्रॉन नकोत. मुलांनी आधी फक्त वायूपर्यंतचं काम करावं. जड पाण्याची घनता मोजावी, सेल धुवावा, पहिल्या दिवसाचा वायू आणि चौथ्या दिवसाचा वायू यांत साधा हायड्रोजन किती हे वस्तुमान वर्णपटमापकावर, म्हणजे रेणू वजनाप्रमाणे वेगळे दाखवणाऱ्या यंत्रावर, पाहावं. तीन वस्तुमानाचा ठसा दिसला तर एक हलका, एक जड असा मिश्र रेणू आहे, चारचा असेल तर दोन्ही जड. हे यंत्र आपल्या अनेक विद्यापीठांत आहे, आठवड्यातला एक तास मिळाला तरी पुरे. वापरलेला वायू सोडून द्यावा, उरलेलं पाणी मोजून, सही करून परत कपाटात ठेवावं. एवढ्या कामात किरणोत्सर्ग कुठेच नाही.

गेल्या वर्षी एका महाविद्यालयाने मला विज्ञान दिनाला बोलावलं होतं. भाषण झाल्यावर मी हीच कल्पना मांडली. जड पाणी हा शब्द ऐकूनच तिथले लोक सावध झाले, आणि विषय चहाबरोबर संपला. त्यांना दोष देत नाही. ज्या गोष्टीला कधी हात लावलेला नाही तिची भीती वाटतेच, आणि जड पाण्याला हात लावायची सोय आपण केलेलीच नाही. तीस वर्षं आम्ही ते टनांनी बनत असताना पाहिलं. आमच्या स्वतःच्या मुलांनी ते पाहिलं नाही. माझ्या मुलीने तिच्या आईचं काम पहिल्यांदा पाहिलं ते चाळिशीत, गॅरेजमध्ये, पाण्याच्या पेल्यात.

वाडीतला मुलगा आता दर रविवारी येतो. आम्ही साधंच पाणी घेतो. त्याने ऑनलाइन छोटा सेल मागवला आहे, त्यातून किती प्रवाहाला किती हायड्रोजन निघतो हे तो मोजतो, आणि मी सांगितल्यापासून शोषक खडे आईच्या कढईत भाजून घेतो. गेल्या रविवारी पाऊस होता. त्याने खड्यांची नळी एका तासात दोनदा वजन केली आणि मला दाखवलं, की बूच सैल असलं तर वजन वाढतं. हे मी त्याला सांगितलं नव्हतं. हात तयार झाला आहे. आता त्याला तो बुडणारा बर्फ दाखवायचा आहे, आणि त्यासाठी लागणारे पाच मिलिलिटर माझ्या घरापासून काही किलोमीटरवर तयार होतात. संबंधितांनी हे पत्र वाचलं तर केंद्राच्या कामाला आठवड्यातले दोन दिवस विनामोबदला द्यायला मी तयार आहे. प्रयोगशाळेतली माझ्याबरोबर निवृत्त झालेली आणखी दोघं जणंही येतो म्हणाली आहेत.

आपली विश्वासू,
जड पाणी प्रकल्पातील एक निवृत्त रसायनतज्ज्ञ,
अलिबाग, जि. रायगड